कुरआन पाठांतर: सुरुवात कोणत्या सुरांनी करावी, पुढचा क्रम कसा लावावा

मोठेपणी कुरआन पाठ करायला बसणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची हा. कुणाला यासीन हवी असते, कारण घरात लहानपणापासून ती कानावर पडलेली असते. कुणाला सूरह रहमानची लय ओढते. कुणी थेट अलिफ-लाम-मीम उघडून दुसऱ्या, सर्वात लांब सूरह बकरापासून निघतं आणि दोन-तीन पानांनंतर थांबतं. कुरआनात ११४ सुरा (अध्याय) आहेत, ३० पारे (भाग) आहेत आणि कूफी गणनेनुसार ६२३६ आयती (वचनं) आहेत. एवढ्यातून काय उचलायचं हे ठरलेलं नसेल, तर उत्साह आठवड्याभरात मावळतो आणि मग माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो.

मी नवशिक्यांना एकच कसोटी सांगतो: जे आज नमाजमध्ये वापरता येईल, ते आधी पाठ करा. दिवसाच्या पाच फर्ज (अनिवार्य) नमाजांच्या १७ रकाती (नमाजची आवर्तनं) होतात. सुन्नत आणि वित्र या जोडीच्या नमाजा धरल्या तर आकडा आणखी वाढतो. जी सूरह या रकातींमध्ये फिरत राहते ती विसरली जात नाही. जी फिरत नाही, ती कितीही घोकली तरी महिन्याभरात पुसट होते. फजीलत (महती) सगळ्याच कलामाची आहे. नवशिक्याने क्रम मात्र वापरावरून लावावा.

बसण्याआधीची तयारी

अरबी वाचता येत नसेल तर पाठांतर थांबवू नका, नमाज काही त्यासाठी थांबत नाही. फातिहा आणि चार लहान सुरा उस्तादांच्या तोंडून ऐकून पाठ करता येतात. मात्र त्याच आठवड्यापासून नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, हाती घ्या. रोज अर्धा तास दिला, तर बहुतेक मोठी माणसं काही महिन्यांत अडखळत का होईना, नाझिरा, म्हणजे बघून, वाचू लागतात. अडखळण्याची लाज बाळगू नका. जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

देवनागरीत छापलेल्या पुस्तिकांवरून पाठ करणं टाळा. सीन, सा आणि साद ही तीन वेगळी अक्षरं देवनागरीत एकाच ‘स’मध्ये येतात. दोन ‘ह’ एक होतात, ऐन नाहीसा होतो. ‘कुल हुवल्लाहु अहद’ मधला ‘कुल’ मोठ्या काफचा, घशाजवळून निघणारा आहे. छोट्या काफने म्हटला तर ‘सांग’ऐवजी ‘खा’ असा अर्थ होतो. एकदा चुकीचा उच्चार जिभेवर बसला की तो काढायला नव्याने पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. या लेखातही मी अरबी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ते फक्त जागा दाखवण्यासाठी आहेत, पाठ करण्यासाठी नाहीत.

मुसहफ, म्हणजे कुरआनची छापील प्रत, एकच ठेवा. डोळ्याला आयतीची पानावरची जागा आठवते आणि प्रत बदलली की ती खूण हरवते. आपल्याकडे पंधरा ओळींची ‘हाफिजी’ प्रत सहज मिळते, तिचं प्रत्येक पान आयतीवर संपतं. तेरा ओळींच्या प्रतीत अक्षर मोठं असतं, पण पान आयतीच्या मध्येच तुटू शकतं. मदिनेची ६०४ पानांची प्रतही पंधरा ओळींचीच आहे, पण तिच्यात लिपीची वळणं आणि खुणा आपल्याकडच्या छपाईपेक्षा वेगळ्या आहेत. तुमच्या उस्तादांच्या हातात जी असेल तीच घ्या.

ऐकण्यासाठी मिसरचे शेख महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) यांचं पठण घ्या. संथ, स्वच्छ, प्रत्येक अक्षर मोजून घ्यावं असं. त्यांनी वेगवेगळ्या रिवायतींत (पठणपरंपरांत) ध्वनिमुद्रण केलं आहे, म्हणून निवडताना ‘हफ्स’ लिहिलेलं पाहून घ्या. आपल्याकडे तीच रिवायत वाचली जाते. ध्वनिमुद्रण सराव करून देतं, पण तुमची चूक दाखवत नाही. त्यासाठी मकतबमधले हाफिजसाहेब (पूर्ण कुरआन पाठ असलेले), मोहल्ल्यातल्या आलिमा आपा किंवा घरातलं कुणी जाणकार माणूस आठवड्यातून एकदा तरी ऐकणारं हवं.

पहिली पायरी: फातिहा, नव्याने

‘फातिहा तर येतेच’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. तरीही सुरुवात तिथूनच करा आणि तिला पूर्ण एक आठवडा द्या. फातिहेशिवाय नमाज नाही, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. या सात आयती तुम्ही आयुष्यभर इतर कुठल्याही आयतींपेक्षा जास्त वेळा म्हणणार आहात.

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत हनफी मसलक (धार्मिक नियमांची परंपरा) जास्त आहे. दोन्हीकडचे लोक मुंबईत एकाच सफेत (रांगेत) उभे राहतात. त्यामुळे नवशिक्याच्या मनात गोंधळ होतो, की एका मशिदीत इमाम बिस्मिल्लाह मोठ्याने का म्हणतात आणि दुसऱ्या मशिदीत का नाही. शाफई मसलकात बिस्मिल्लाह ही फातिहेचीच आयत आहे, त्यामुळे ती सुटली तर फातिहा अपुरी राहते. इमामामागेही मुक्तदीने (मागे उभं राहून नमाज पढणाऱ्याने) फातिहा स्वतः वाचायची असते. हनफी मसलकात इमामामागे मुक्तदी गप्प राहतो आणि बिस्मिल्लाह हळू म्हटली जाते. तुम्ही ज्या मसलकावर आहात त्याचा नियम उस्तादांकडून समजून घ्या आणि तो पाळा.

आता उच्चाराच्या जागा. शाफई फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) बिस्मिल्लाहसह फातिहेतल्या शद्दा (अक्षर दुहेरी उच्चारण्याच्या खुणा) मोजून ठेवल्या आहेत, त्या १४ आहेत. सर्वात जास्त सुटते ती ‘इय्याक’ मधली. घाईत ती ‘इयाक’ होते आणि अर्थ बिघडतो. ‘अनअम्त’ मध्ये नूनवर थांबा नाही, पुढचा ऐन घशातून यायला हवा. ‘अलैहिम’ दोनदा येतं. पहिल्यानंतर ‘गैरिल मग्दूबि’ आणि दुसऱ्यानंतर ‘वलद्दाल्लीन’. शेवटच्या शब्दात लांब मद्द (ताणलेला स्वर) आहे, तो आखडू नका. ‘अल्हम्दु’ मधला ह हा खोल घशातला. मराठी जिभेला तो सुरुवातीला जमत नाही, कारण आपला ‘ह’ हलका आहे. आरशात बघून नव्हे, उस्तादांसमोर बसून तो दहा-वीस वेळा काढून घ्या.

आयतीगणिक थांबून म्हणा. एका श्वासात अख्खी फातिहा म्हणण्याची सवय असेल, तर ती याच आठवड्यात मोडा.

दुसरी पायरी: चार रकातींपुरतं भांडवल

फर्जच्या पहिल्या दोनच रकातींत फातिहेनंतर सूरह येते. पण जुहरच्या आधीच्या चार सुन्नत हनफी एका सलामाने पढतात आणि त्यांच्या चारही रकातींत सूरह लागते. म्हणून निदान चार वेगवेगळ्या सुरा येणं ही पहिली खरी गरज. माझा क्रम असा: इख्लास, कौसर, फलक, नास. त्यानंतर नस्र आणि अस्र.

इख्लास चार आयतींची. ती कुरआनच्या एक तृतीयांशाबरोबर आहे, असं पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचं बुखारीत आहे. कौसर तीन आयतींची, कुरआनातली सर्वात लहान सूरह, एका बैठकीत होते. नवशिक्याला लवकर एक सूरह हातात येणं महत्त्वाचं असतं. फलक पाच आयतींची, नास सहा आयतींची. फलकमध्ये ‘मिन शर्रि’ चार वेळा येतं आणि तिसऱ्या-चौथ्या आयतींची अदलाबदल होते. आधी अंधाराचा उल्लेख (‘गासिकिन’), मग गाठींवर फुंकणाऱ्यांचा, शेवटी हेवा करणाऱ्याचा. हा अर्थाचा क्रम लक्षात ठेवला की जीभ घसरत नाही.

इख्लास, फलक आणि नास यांना नमाजबाहेरही रोजची जागा आहे. पैगंबर (स.) झोपण्याआधी दोन्ही तळहात जोडून त्यांत या तीन सुरा म्हणून फुंकत आणि हात अंगावरून फिरवत, असं हजरत आयेशा (रजि.) सांगतात. झोपण्याआधी ही सवय लावून घ्या. वेगळा वेळ न काढता उजळणी होते. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणा, तीही शिकतात.

तिसरी पायरी: ‘अलम तर’पासून खाली

फीलपासून नासपर्यंतच्या दहा सुरा आपल्याकडे, फीलच्या पहिल्या शब्दांवरून, ‘अलम तरपासून खाली’ म्हणूनच ओळखल्या जातात. जिथे हाफिज मिळत नाही, अशा गावांत या दहा सुरा दोनदा फिरवून वीस रकाती तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) होते. म्हणजे या दहा आल्या की गरज पडली तर तुम्हीही घरात तरावीह पढवू शकता. नवशिक्याला डोळ्यांसमोर ठेवायला हे चांगलं ठिकाण आहे.

मागच्या पायरीत फील, कुरैश, माऊन, काफिरून आणि लहब राहिल्या. कुरैश आणि फील एकत्र पाठ करा, कारण अर्थ एकमेकांना धरून आहे. फीलमध्ये काबावर चालून आलेल्या अब्रहाच्या हत्तींच्या फौजेचा नाश, कुरैशमध्ये त्याच घराच्या, काबाच्या, आश्रयाने कुरैशांना मिळालेलं संरक्षण आणि त्यांचे हिवाळ्या-उन्हाळ्यातले व्यापारी प्रवास. मराठी अनुवाद एकदा वाचून मग पाठ करायला बसा. पाच मिनिटं जातात, पण शब्दांना धरायला कथा मिळते.

काफिरून मात्र सगळ्यांना अडवते. सहाच आयती, पण तिसरी आणि पाचवी अक्षरशः एकच आहे: ‘वला अन्तुम आबिदून मा अअबुद’. मधली चौथी आयत वेगळी, ‘वला अना आबिदुम मा अबत्तुम’. होतं काय, की माणूस पाचवीवर पोहोचून तिला तिसरी समजतो आणि पुन्हा चौथीवर जातो, गोल फिरत राहतो. नाहीतर तिसरीवरून थेट ‘लकुम दीनुकुम’वर उडी मारतो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या आयतीपासून तर्जनी धरून बोटांवर मोजा. अनामिका आणि अंगठा जुळला की ‘वला अना’, म्हणजे चौथी. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तीच आयत. दोन दिवस बोटांवर म्हटली की पुढे बोटं लागत नाहीत. फजरच्या दोन सुन्नतांत पैगंबर (स.) पहिल्या रकातीत काफिरून आणि दुसऱ्या रकातीत इख्लास पढत, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. तुम्हीही या सुरांना तीच जागा द्या, काफिरून रोज सकाळी तपासली जाईल.

इथे एक गोष्ट सांभाळा. आपण पाठ करतो खालून वर, पण नमाजमध्ये मुसहफच्या क्रमानेच पढायचं. पहिल्या रकातीत कौसर, दुसऱ्या रकातीत इख्लास असं. उलट क्रम फर्जमध्ये मुद्दाम लावणं हनफी फुकहांनी मकरूह (नापसंत) म्हटलं आहे.

चौथी पायरी: आयतुल कुर्सी

बरेच जण ती फार नंतर ठेवतात, कारण ती लांब दिसते. मी ती दहा सुरांनंतर लगेच घेतो. प्रत्येक फर्जनंतर आणि झोपताना ती म्हणायची असते, म्हणजे तिची रोजची सहा आवर्तनं ठरलेली आहेत. बकराची ही २५५ वी आयत एकच असली तरी आत स्वतंत्र वाक्यं आहेत. ती नऊ तुकड्यांत पाडा: ‘कय्यूम’पर्यंत एक, ‘नौम’पर्यंत दुसरा, मग ‘फिल अर्द’, ‘बिइज्निह’, ‘खल्फहुम’, ‘बिमा शाअ’, ‘समावाति वल अर्द’, ‘हिफ्जुहुमा’ आणि शेवटचा ‘वहुवल अलिय्युल अजीम’. रोज दोन तुकडे पुरेत.

दोन ठिकाणी चूक होते. आकाश-पृथ्वीचा उल्लेख दोनदा आहे. पहिल्यांदा ‘मा फिस्समावाति वमा फिल अर्द’, दुसऱ्यांदा नुसतं ‘अस्समावाति वल अर्द’. पहिल्यात ‘जे काही आहे’ हा अर्थ आहे म्हणून ‘मा’ दोनदा येतो, हे ध्यानात ठेवा. दुसरी जागा ‘वला यऊदुहू’. इथला हम्जा आणि वाव जिभेवर एकमेकांत मिसळतात. हा शब्द सुटा काढून उस्तादांना ऐकवा.

त्याच्या मागोमाग बकराच्या शेवटच्या दोन आयती, २८५ आणि २८६. रात्री या दोन म्हणणाऱ्याला त्या पुरेशा होतात, अशी हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. त्या लांब आहेत, त्यांना दोन-तीन आठवडे द्या. २८६ मधल्या दुआ ‘रब्बना’ने सुरू होतात. तीन ‘रब्बना’ आणि त्यांच्यामागे काय येतं एवढं पक्कं केलं की आयत जागेवर बसते.

पाचवी पायरी: उरलेला अम्मा पारा

तिसाव्या, म्हणजे अम्मा पाऱ्यात ३७ सुरा आहेत, नबापासून नासपर्यंत. शेवटच्या दहा झाल्या, अस्र झाली. आता हुमजहपासून वर दुहापर्यंत या. या भागात तकासुर, कारिआ, आदियात, जिलजाल अशा वेगवान, लहान आयतींच्या सुरा आहेत आणि त्या कानाला चटकन पकडतात. बय्यिनह मात्र वेगळी. आयती आठच, पण लांब आणि गद्यासारख्या. तिथे अडलात तर तिला बाजूला ठेवून कद्र, अलक, तीन, इन्शिराह, दुहा पूर्ण करा आणि परत या. सरळ रेषेतच जायला हवं असं कुठेही सांगितलेलं नाही.

अलकच्या शेवटच्या आयतीवर सजदा-ए-तिलावत (आयत वाचल्यावर करायचा सजदा) आहे. हनफींकडे तो वाजिब (आवश्यक) आहे, शाफईंकडे सुन्नत. घोकताना तीच आयत एका बैठकीत पुन्हा पुन्हा म्हटली तर हनफी मसल्यानुसार एकच सजदा पुरतो. हे माहीत नसल्याने काही जण अलक टाळतात, तसं करू नका. इन्शिकाकच्या २१ व्या आयतीवरही सजदा आहे.

दुहाच्या वर गेल्यावर मी क्रम मोडून आधी आला आणि गाशियह घ्यायला सांगतो. जुम्मा आणि ईदच्या नमाजांत पैगंबर (स.) या दोन सुरा पढत. आपल्याकडचे इमामही त्या वारंवार पढतात, म्हणजे दर आठवड्याला उभ्या उभ्या उजळणी. मग शम्स, लैल, बलद, फज्र आणि वरच्या सुरा.

वरच्या भागात सारख्या आयतींचा खरा त्रास सुरू होतो. त्यासाठी एक वही करा आणि जिथे गाडी रुळ बदलते त्या जागा शेजारी-शेजारी लिहून काढा. तीनमध्ये ‘फलहुम अज्रुन गैरु ममनून’ आहे, इन्शिकाकमध्ये ‘फ’शिवाय ‘लहुम’. तक्वीरमध्ये समुद्रांसाठी ‘सुज्जिरत’, इन्फितारमध्ये ‘फुज्जिरत’. तक्वीरमध्ये ‘अलिमत नफ्सुम मा अहदरत’, इन्फितारमध्ये ‘मा कद्दमत व अख्खरत’. नाजिआत आणि अबस या दोन्हींत ‘मताअल्लकुम वलिअन्आमिकुम’ हीच आयत आहे. त्यानंतर नाजिआतमध्ये ‘अत्ताम्मतुल कुब्रा’ येते आणि अबसमध्ये ‘अस्साख्खह’. अशा जोड्यांतल्या दोन सुरा एकाच आठवड्यात नव्याने घेऊ नका. एक पक्की होऊ द्या, मग दुसरी.

रोजचं बसणं

फजरनंतरची वेळ सर्वात चांगली. लोकल पकडणाऱ्यांना ती जमत नसेल तर मगरिब आणि इशामधली. वीस मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. नवा सबक (धडा) तीन ते पाच ओळींपेक्षा जास्त घेऊ नका. आधी ऐका, मग बघून दहा वेळा वाचा, मग एक-एक आयत न बघता म्हणा. नवी आयत आली की तिला मागच्या आयतीशी जोडून म्हणा. आयती सुट्या येतात पण सांधा येत नाही, हीच नवशिक्यांची सर्वात मोठी तक्रार असते आणि तिचं कारण जोडून न म्हणणं हे असतं.

वीस मिनिटांतली निम्मी मागच्या पाठाला, आमोख्त्याला द्या. उंट दाव्यातून सुटतो त्याहून वेगाने कुरआन निसटतो, हा इशारा खुद्द पैगंबरांचा (स.) आहे. आठवड्यातून एक दिवस नवा सबक घेऊच नका. त्या दिवशी सगळं सलग म्हणा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि मुसहफ उघडून ऐका. स्वतःच्या चुका तेव्हाच ऐकू येतात.

सूरह ‘पाठ झाली’ कधी म्हणायचं? बसून नाही, नमाजमध्ये. घरच्या सुन्नत-नफिलांत ती तीन दिवस न अडखळता आली, की पुढची उघडा. अडखळली तर नमाज संपल्यावर मुसहफ उघडून फक्त तेवढी जागा पाहा. इमामत करताना किंवा फर्जमध्ये कच्ची सूरह लावू नका. मासिक पाळीच्या दिवसांत बहिणींनी ऐकणं सुरूच ठेवावं. वाचण्याबद्दल आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारून घ्यावं.

अम्मा पारा झाल्यावर

पुढची निवड करताना कसोटी बदलू नका. मुल्क घ्या, तीस आयतींची, रात्री पढण्याची सूरह. मग सज्दह, तीही तीस आयतींची, जुम्म्याच्या फजरमध्ये पैगंबर (स.) जी पढत. कहफच्या पहिल्या दहा आयती सुट्या पाठ करता येतात. दज्जालच्या (शेवटच्या काळात येणाऱ्या महाठकाच्या) फितन्यापासून संरक्षणासाठी त्यांचा उल्लेख सहीह मुस्लिममध्ये आहे. यासीनच्या ८३ आयती तोपर्यंत जड वाटणार नाहीत. रहमानच्या ७८ आयतींत ‘फबिअय्यि आलाइ’ ३१ वेळा येतं. लोकांना वाटतं म्हणून ती सोपी, पण प्रत्येक वेळी त्यानंतरची आयत वेगळी असल्याने नेमकी तीच सर्वात जास्त गोंधळवते. तिला शेवटी ठेवा.

पूर्ण हिफ्जचा, म्हणजे अख्खा कुरआन पाठ करण्याचा, विचार मनात येत असेल तर याच टप्प्यावर एखाद्या हाफिजसाहेबांसमोर बसा आणि अम्मा पारा सलग ऐकवा. पहिल्या पाऱ्यापासून निघायचं की एकोणतिसाव्यापासून मागे यायचं, हे ते तुमचं पठण ऐकून ठरवतील. पुढे त्यांचाच क्रम पाळा.